बालकांच्या शरीरातील गाठी : सौम्य आणि घातक

मुलाच्या अंगावर गाठ दिसली की घरोघरी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही घरांत "वाढत्या वयात असे व्हायचेच" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. काही घरांत ती कर्करोगाचीच असणार, असे गृहीत धरून धीर सोडला जातो. या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच अनर्थकारक ठरू शकतात. बालकांच्या शरीरात आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. ज्या थोड्या घातक असतात, त्यांपैकीही बऱ्याचशा वेळीच ओळखल्यास व उपचार पुरे केल्यास पूर्ण बऱ्या होऊ शकतात. मोठ्या माणसांच्या कर्करोगाबाबत इतक्या आशेने क्वचितच बोलता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी शून्य ते एकोणीस वर्षे वयाच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. संपन्न देशांत यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहते. रोग तोच आणि औषधेही बहुतांशी तीच असताना एवढी तफावत का पडावी? उशिरा होणारे निदान, चुकीचे निदान, योग्य रुग्णालयापर्यंत न पोहोचणे आणि उपचार अर्धवट सोडणे, ही तिची प्रमुख कारणे होत. म्हणजेच प्रश्नाचा मोठा भाग रुग्णालयाच्या बाहेर, गावात, शाळेत आणि घरात आहे.

अर्बुद म्हणजे काय?

शरीरातील पेशी ठराविक मर्यादेत वाढतात, झिजतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हा ताळमेळ बिघडून एखाद्या ठिकाणी पेशींची अनिर्बंध वाढ होऊ लागली की जो गोळा तयार होतो, त्यास वैद्यकशास्त्रात अर्बुद म्हणतात. प्रत्येक गाठ ही अर्बुद नसते. गळ्यात, काखेत वा जांघेत येणारी अवधाणे बहुधा घसा, दात, डोक्यातील फोड किंवा पायाची जखम यांतील जंतुसंसर्गामुळे सुजलेल्या लसिका ग्रंथी असतात. संसर्ग ओसरला की त्या बसतात.

अर्बुदांचे दोन मुख्य प्रकार आहेत. सौम्य अर्बुद सावकाश वाढते, आपल्या जागीच राहते, आसपासच्या भागात घुसत नाही आणि दूरच्या अवयवांत पसरत नाही. घातक अर्बुद शेजारच्या ऊतींमध्ये शिरते आणि रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे फुप्फुस, यकृत, हाडे, अस्थिमज्जा येथे जाऊन नव्या गाठी निर्माण करते. यासच सामान्यतः कर्करोग म्हटले जाते.

तथापि, या शब्दांचा अर्थ जपून घ्यावयास हवा. सौम्य म्हणजे सदैव निरुपद्रवी नव्हे. श्वासनलिकेत, डोळ्यासमोर किंवा मेंदूत वाढलेली सौम्य गाठही केवळ जागेच्या अडचणीमुळे प्राण अथवा दृष्टी धोक्यात आणू शकते. त्याचप्रमाणे घातक म्हणजे असाध्य नव्हे. बालकांच्या बाबतीत तर हा दुसरा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

मुलांचा कर्करोग निराळा का?

प्रौढांतील बहुतेक कर्करोग तोंड, फुप्फुस, स्तन, गर्भाशयमुख, आतडी अशा अवयवांच्या आवरणातील पेशींपासून उद्भवतात. तंबाखू, मद्य, काही विषाणू यांचा दीर्घकाळ परिणाम होऊन ते होण्यास अनेक वर्षे लागतात. मुलांची गोष्ट वेगळी आहे. गर्भावस्थेत अवयव घडविणाऱ्या काही पेशी परिपक्व न होता मागे राहतात आणि जन्मानंतर त्याच वेगाने वाढू लागतात. लहान वयातील पुष्कळशा अर्बुदांचे मूळ यात आहे. मूत्रपिंड, दृष्टिपटल, यकृत व मज्जासंस्था येथील अशा गाठी म्हणूनच पहिल्या पाच वर्षांत प्रामुख्याने दिसतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, या रोगाचा दोष आईच्या आहारावर, तिने ग्रहण न पाळण्यावर किंवा कोणाच्या दृष्टीवर टाकणे निराधार आहे. रोग संसर्गजन्य नाही. रुग्ण मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही. साधारणपणे दहांपैकी एकाच मुलात आनुवंशिक दोष आढळतो. दुसरी अशी की, प्रौढांतील अनेक कर्करोग व्यसने टाळून रोखता येतात, तसा बालकांच्या कर्करोगास प्रतिबंध करण्याचा मार्ग बहुतांशी उपलब्ध नाही. वेळीच ओळखणे आणि उपचार तडीस नेणे, हाच येथे खरा उपाय होय. झपाट्याने विभागणाऱ्या या पेशी औषधांना व किरणोपचारांना चांगला प्रतिसाद देतात, ही त्यातील जमेची बाजू आहे.

सौम्य गाठींचे स्वरूप

तान्ह्या मुलांत सर्वाधिक आढळणारे अर्बुद म्हणजे रक्तवाहिन्यांची लाल गाठ. शंभरांपैकी चार-पाच अर्भकांत ती दिसते. मुलींत आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांत तिचे प्रमाण जास्त असते. जन्मानंतर काही आठवड्यांत लहानशा लाल ठिपक्यापासून तिची सुरुवात होते. पहिल्या पाच-सहा महिन्यांत ती भराभर वाढते आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरत जाते. बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही. मात्र ती पापणी, ओठ, नाक किंवा गळ्याजवळ असेल, चिघळत असेल, अथवा अंगावर पाचांहून अधिक असतील, तर तज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांना हृदयविकारावरील प्रोप्रानोलॉल या जुन्याच औषधाने अशा गाठी आक्रसतात, असे एका बालकावर अन्य कारणासाठी उपचार करताना आढळून आले. आज गरजू बालकांसाठी तेच प्रमुख औषध ठरले आहे. गाठीवर चुना लावणे, ती बांधणे वा डागणे यांमुळे मात्र व्रण आणि जंतुसंसर्ग एवढेच पदरी पडते.

मानेच्या बाजूस मऊ, पाण्याने भरल्यासारखी लागणारी लसिकावाहिन्यांची गाठ, भुवईच्या बाहेरील कोपऱ्याजवळची वाटोळी त्वचापुटी आणि वाढत्या मुलांत गुडघ्याजवळ हाडावर येणारा कठीण उंचवटा, या इतर नेहमीच्या सौम्य गाठी होत. हाडावरील उंचवट्याची वाढ मुलाची उंची वाढणे थांबले की सहसा थांबते. पुढे तो पुन्हा वाढू लागल्यास तपासणी अगत्याची ठरते.

काही गाठी जन्मतः सौम्य असून विलंबाने घातक बनू शकतात. नवजात अर्भकाच्या माकडहाडाजवळ येणारी गाठ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जन्माच्या वेळी ती बहुधा सौम्य असते. परंतु पहिल्या दोन महिन्यांनंतर ती घातक होण्याचा संभव वाढत जातो. "मूल जरा मोठे होऊ द्या, मग पाहू" हा सल्ला अशा वेळी घातुक ठरतो.

घातक गाठी आणि त्यांची वये

बालकर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. त्यात बहुधा एका जागी गाठ नसते. फिकटपणा, वारंवार ताप, अंगावर निळसर डाग आणि हाडांत वेदना ही त्याची लक्षणे होत. गाठींच्या रूपाने येणाऱ्या कर्करोगांचे मात्र वयानुसार व अवयवानुसार ठराविक चित्र दिसते.

पोटातील गाठी : मूत्रपिंडाची गाठ बहुधा एक ते पाच वर्षांच्या मुलांत आढळते. १८९९ साली या रोगाचे सविस्तर वर्णन करणारे जर्मन शल्यवैद्य माक्स विल्म्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. मूल खेळते-बागडते असते, दुखत काही नाही; आई न्हाऊ घालताना किंवा कपडे बदलताना पोटाच्या एका बाजूस घट्ट गोळा हाताला लागतो. कधी लघवीतून रक्त जाते. आपल्याकडे फुगलेल्या पोटाचा अर्थ जंत, पानथरी वा मुडदूस असा लावण्याची पद्धत आहे. मेळघाटासारख्या भागात अशा पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची 'डंबा' ही प्रथा परिचित आहे. अशा उपायांत मोलाचे आठवडे निघून जातात. पोटात गोळा लागल्यास तो वारंवार दाबून पाहू नये व त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. वेळीच शस्त्रक्रिया व औषधे मिळाल्यास संपन्न देशांत या रोगाची ९० टक्के मुले बरी होतात.

मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी व पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंपासून उद्भवणारी दुसरी गाठ त्याहून लहान वयात दिसते. तिचे वर्तन विलक्षण आहे. काही तान्ह्या बालकांत ती पसरलेली असूनही आपोआप विरते. थोड्या मोठ्या मुलांत मात्र तिची गणना कठीण रोगांत होते. अशा मुलांत डोळ्यांभोवती निळसर सूज, पाय दुखणे व लंगडणे ही लक्षणे पुढे येतात.

डोळ्यातील गाठ : दृष्टिपटलाचा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आत होतो. बाहुलीत काळ्याऐवजी पांढरी चमक दिसणे ही त्याची पहिली खूण होय. मंद प्रकाशात मांजराच्या डोळ्यासारखी ती भासते. फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरीची पांढरी दिसली, तर तीही सूचनाच समजावी. नव्याने आलेला तिरळेपणा ही दुसरी खूण आहे. या अवस्थेत उपचार झाल्यास प्राण तर वाचतातच, पुष्कळदा डोळा व दृष्टीही राखता येते. गाठ डोळ्याबाहेर आल्यावर मात्र प्राणांवरच बेतते. सुमारे ४० टक्के रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो. अल्फ्रेड नुडसन या अमेरिकन वैद्यकाने १९७१ साली याच रोगाच्या अभ्यासातून, एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर कर्करोग उद्भवतो, असा सिद्धांत मांडला. पुढे तो खरा ठरला. यास्तव एका मुलास हा रोग असल्यास त्याच्या धाकट्या भावंडांचे डोळे जन्मापासून तपासून घेणे आवश्यक असते.

मेंदूतील गाठी : गाठीच्या रूपातील कर्करोगांत या सर्वाधिक आहेत आणि शालेय वयात त्या विशेष दिसतात. सकाळी उठताच डोके दुखणे, उलटी होऊन बरे वाटणे, तोल जाणे, अक्षर एकाएकी बिघडणे, एकाची दोन दिसणे, अभ्यासात अकस्मात घसरण, ही लक्षणे पालकांआधी शिक्षकाच्या नजरेस येण्याचा संभव असतो. मूल "शाळेला जाण्याचा कंटाळा करते" असा निष्कर्ष काढण्यापूर्वी या शक्यतेचा विचार व्हावा.

लसिका ग्रंथींचा कर्करोग : मानेतील गाठ टणक, न दुखणारी, दोन सेंटीमीटरहून मोठी असेल, चार आठवड्यांतही बसत नसेल किंवा गळपट्टीच्या हाडावर असेल, तर ती तपासणीस पात्र होय. आपल्याकडे क्षयरोगामुळेही अशा गाठी येतात. त्यामुळे केवळ अनुमानाने क्षयाची औषधे महिनोन् महिने दिली जाण्याचा धोका असतो. गाठीचा नमुना तपासूनच निर्णय होणे इष्ट.

हाडांच्या गाठी : दहा ते अठरा वर्षे वयात, उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वर किंवा खाली, तसेच खांद्याजवळ त्या येतात. खेळताना लागल्याचे निमित्त होते, पण मार बरा झाला तरी दुखणे थांबत नाही. रात्री ते वाढते आणि सूज येते. हाडवैद्याकडून चोळून घेतल्याने अशा गाठीस अपाय होतो. एक साधे क्ष-किरण छायाचित्र पुष्कळदा रोगाची दिशा दाखवू शकते. पूर्वी पाय कापणे हाच उपाय असे. आज औषधोपचारांच्या जोडीने बहुतेक रुग्णांचा अवयव वाचविता येतो.

उपचारांची वाटचाल

शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार या तिन्हींची योग्य सांगड घालणे हे आजच्या उपचारांचे तत्त्व आहे. त्यातील औषधोपचारांचा पाया मुलांच्याच रोगावर घातला गेला. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांनी १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी १६ बालकांवरील प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० बालकांत काही काळ सुधारणा दिसली होती. यासाठी वापरलेले अमिनोप्टेरिन हे औषध ज्या संशोधकांनी तयार केले, त्यांचे नेतृत्व यल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. १९५० च्या दशकात फार्बर यांनीच मूत्रपिंडाच्या गाठीवर दुसरे प्रभावी औषध वापरून दाखविले.

"गाठीला चाकू लागला की ती पसरते" हा समज ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत खोलवर रुजला आहे. तज्ज्ञाने योग्य पद्धतीने नमुना घेतल्यास तो खरा ठरत नाही. मात्र डोळ्यातील गाठीसारख्या काही गाठींत नमुना न घेताच निदान केले जाते, आणि निदानापूर्वी स्टेरॉइडची औषधे दिल्यास रोगाचे खरे स्वरूप झाकले जाते. म्हणूनच गाठ कोठेही काढून टाकण्याची घाई न करता प्रथम बालकर्करोग तज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

विलंब कोठे होतो?

घरगुती उपाय, अंगारे-धुपारे, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात होणाऱ्या फेऱ्या आणि शेतीचा हंगाम, यांत पहिला काळ जातो. निदानानंतर दुसरी परीक्षा सुरू होते. उपचार कित्येक महिने, काही रोगांत दोन-तीन वर्षे चालतात. मजुरी बुडते, शहरात राहण्याची सोय नसते, घरी इतर मुले असतात. दोन-तीन औषधवेळांनंतर गाठ दिसेनाशी होते, मूल हसू-खेळू लागते आणि कुटुंब गावी परतते ते पुन्हा जात नाही. गाठ दिसेनाशी होणे म्हणजे रोग जाणे नव्हे. अर्धवट उपचारांनंतर उलटलेला रोग पूर्वीपेक्षा हट्टी असतो.

आणखी एक बाब गांभीर्याने लक्षात घ्यावयास हवी. भारतातील रुग्णालयांत उपचारांसाठी येणाऱ्या बालकर्करुग्णांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच अधिक असते. काही रोग मुलग्यांत थोडे जास्त होतात, हे खरे. परंतु सर्व तफावत त्याने स्पष्ट होत नाही. मुलीला दूरच्या रुग्णालयात नेण्यास, तिच्यावर खर्च करण्यास कुटुंब मागेपुढे पाहते, हेही त्याचे कारण आहे. मुलीच्या पोटातील गाठ मुलाच्या गाठीइतकीच बरी होते. फरक पडतो तो तिला रुग्णालयात नेण्या-न-नेण्याने.

उपलब्ध सोयी

मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून बालरुग्ण येतात. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय ही राज्यातील अन्य केंद्रे होत. बार्शीस १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, याचाही येथे उल्लेख करावयास हवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातीलच पालघर येथून झाला. त्यान्वये फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. या दिवशी शंकास्पद मूल गैरहजर राहणार नाही, एवढी दक्षता शाळेने घेतली तरी पुष्कळ साधेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांच्या एकत्रित अंमलबजावणीत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार यांचा समावेश असून, २०२४ पासून कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या सोबत्यास रेल्वे प्रवासात सवलत मिळते. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे बाहेरगावच्या बालरुग्णांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देत आहेत. निवास, आहार, रक्त व समुपदेशन यांची सोय झाली की उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण घटते, असा अनुभव आहे.

या खुणा लक्षात ठेवाव्यात

१. बाहुलीत पांढरी चमक, नव्याने आलेला तिरळेपणा अथवा डोळा पुढे येणे.
२. पोटात लागणारा गोळा, एका बाजूने फुगलेले पोट, लघवीतून रक्त.
३. चार आठवड्यांत न बसणारी, टणक वा वाढती गाठ.
४. सकाळची डोकेदुखी व उलटी, तोल जाणे, दृष्टीत बदल.
५. हाडात सतत वेदना, विशेषतः रात्री; लंगडणे, सूज.
६. कारण न सापडणारा ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग, वजन घटणे.

यांपैकी एखादी खूण असली म्हणजे कर्करोगच आहे, असे नव्हे. बहुतेक वेळा दुसरेच साधे कारण निघते. परंतु ते कारण डॉक्टरांनी शोधावयाचे असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठरवावयाचे नसते.

गावाची जबाबदारी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हाती घेतलेल्या उपक्रमात २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के बालकर्करुग्ण वाचविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट केवळ महानगरांतील रुग्णालयांच्या बळावर गाठता येणार नाही. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी वरील सहा खुणा मातांना सांगाव्यात. शिक्षकांनी मुलाच्या चालण्यात, पाहण्यात, लिहिण्यात पडलेला फरक पालकांच्या निदर्शनास आणावा, आणि उपचारांमुळे केस गेलेले मूल शाळेत परतल्यावर त्याची चेष्टा होऊ देऊ नये. पंचायत सदस्यांनी शिधापत्रिका, आधार व आवश्यक दाखले यांपायी कुटुंबाची एकही फेरी वाया जाणार नाही, हे पाहावे. कुटुंब मध्येच गावी परतल्यास ते का परतले याची विचारपूस करून त्यास पुढील तारखेला रुग्णालयात पाठवावे.

न्हाऊ घालणाऱ्या आईच्या हाताला लागलेला गोळा आणि रुग्णालयातील शस्त्रक्रियेची खोली यांमधील अंतर कधी दोनशे, कधी सहाशे किलोमीटरचे असते. ते किती दिवसांत कापले जाते, यावर त्या बालकाचे भवितव्य अवलंबून आहे. हे दिवस कमी करणे गावातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीच्या हाती आहे.